हुज्जत म्हणजे पुरावा

आपल्या मराठीत रोज वापरले जाणारे दोन शब्द आहेत, हुज्जत आणि तक्रार. दोन्ही अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आले. 'उगाच हुज्जत घालू नकोस' असं आई मुलाला म्हणते, दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो. पण मूळ अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, प्रमाण. तक्रारीचा मूळ अर्थ पुन्हा म्हणणं, उजळणी. आजही मदरशांत धडा संपल्यावर विद्यार्थी घोळका करून बसतात आणि तो धडा एकमेकांना पुन्हा समजावून सांगतात. त्याला ते तक्रार म्हणतात. मुशायऱ्यात एखादा शेर आवडला की श्रोते 'मुकर्रर, मुकर्रर' असा पुकारा करतात, म्हणजे पुन्हा म्हणा. हा मुकर्ररही तक्रारीचाच सख्खा भाऊ.

पुराव्याचं भांडण कसं झालं आणि उजळणीचं गाऱ्हाणं कसं झालं? भाषाशास्त्रज्ञ त्याची कारणं सांगतील. मी कवी माणूस, मला त्यात आपल्या स्वभावाची गोष्ट दिसते. समोरचा पुरावा द्यायला लागला की तो भांडतोय असं आपल्याला वाटतं. त्याने तेच पुन्हा सांगितलं की तो कुरकुर करतोय असं वाटतं. चारचौघांत मतभेद कसा मांडावा, दुसऱ्याचा कसा ऐकावा, याची आपल्याकडे फार जुनी आणि फार बारकाईने घडवलेली रीत होती. तिची आज आठवण करावी असं मला वाटतं.

गौतमाच्या न्यायसूत्रांपासून सुरुवात करू. तिथे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते कळावं म्हणून दोघं बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. आणि ज्याला स्वतःची बाजूच नाही, समोरच्याचं खोडून काढणं एवढाच ज्याचा धंदा आहे, त्याची ती वितंडा. गंमत पाहा, यांतला वाद हा सर्वांत प्रतिष्ठेचा प्रकार. गुरू-शिष्यांत, सहाध्यायांत, तत्त्वाची आस असलेल्या माणसांत तो होतो. आज आपण 'वाद घालू नका' म्हणतो तेव्हा आपल्या मनात जल्प असतो, आणि पुष्कळदा वितंडा.

सूत्रकार एवढ्यावर थांबले नाहीत. माणूस चर्चेत कुठे कुठे हरतो त्या जागाही त्यांनी मोजून ठेवल्या. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. अशा 22 जागा आहेत. विषय सोडून भलतंच बोलणं ही एक. सभेला कळणार नाही असं बोलणं ही एक. समोरच्याने आपलं म्हणणं तीनदा सांगितलं, सभेला ते समजलं, तरी आपल्याला ते परत सांगता आलं नाही, तर तोही पराभवच. नुसतं उत्तर ठोकून देणं पुरेसं नाही, आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडून नीट निघालं पाहिजे. पूर्वपक्ष मांडायची आपली जुनी पद्धत याच शिस्तीतली. जो विचार खोडायचा आहे तो आधी आपणच मांडायचा, आणि तोही त्याच्या सगळ्या बळानिशी.

शब्दच्छल हा आपल्या बोलण्यातला शब्दही याच परंपरेतला. वात्स्यायनाच्या भाष्यात त्याचं एक उदाहरण येतं. कुणी म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे त्याच्या अंगावर नवी घोंगडी आहे. त्यावर दुसरा म्हणतो, नव म्हणजे नऊ, कुठे आहेत नऊ घोंगड्या? मला तर एकच दिसते. सांगणाऱ्याला काय म्हणायचं आहे ते ऐकणाऱ्याला पुरतं ठाऊक आहे. तरी तो दुसरा अर्थ पकडून बसतो, आणि चार माणसं हसली की आपण जिंकलो असं समजतो. दीड हजार वर्षांत या घोंगड्या काही जुन्या झालेल्या नाहीत.

या 22 जागांतली एक मला फार जवळची आहे. तिचं नाव जरा अवघड आहे, निरनुयोज्यानुयोग. ज्याला दोष लागत नाही त्याला दोष देणं, जो उत्तर द्यायला बांधील नाही त्याच्याकडे उत्तर मागणं. हे करणारा चर्चेत हरला असं शास्त्र सांगतं. मी मराठीत कविता लिहितो, कार्यक्रमांना जातो. पावसावरची, आईवरची, एस. टी. स्टँडवरची कविता वाचून होते आणि मग श्रोत्यांतून एखादा हात वर होतो. कुठल्या तरी दूरच्या गावात किंवा दूरच्या देशात काहीतरी भयंकर घडलेलं असतं. 'यावर तुमच्या लोकांचं काय म्हणणं आहे?' असा प्रश्न येतो. विचारणारा बहुधा वाईट माणूस नसतो. मी उत्तर देतो, नाही असं नाही. पण त्या क्षणी त्या सभागृहातला कवी उठून जातो आणि त्याच्या खुर्चीत एक आरोपी येऊन बसतो. या अनुभवाला आपल्याच जुन्या शास्त्रात नाव आहे आणि ते पराभवाच्या यादीत आहे, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

इस्लामी परंपरेतही या विषयाचं स्वतंत्र शास्त्र झालं. त्याला आदाबुल-बहस म्हणतात, चर्चेचा शिष्टाचार. बहस म्हणजे मुळात शोधणं, माती उकरून पाहणं. चर्चेला दुसरा शब्द मुनाझरा. तो नजर या शब्दाच्या कुळातला, एकमेकांबरोबर पाहणं असा त्याचा भाव. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास शम्सुद्दीन समरकंदी यांनी या शास्त्रावर छोटी पुस्तिका लिहिली आणि ती शेकडो वर्षं शिकवली गेली. आपल्याकडे सतराव्या शतकात जौनपूरच्या अब्दुल रशीद यांनी लिहिलेला 'रशीदिया' हा भाष्यग्रंथ मदरशांच्या अभ्यासक्रमात होता.

या शास्त्रात दोन भूमिका असतात. एक दावा मांडणारा, दुसरा प्रश्न विचारणारा. विचारणाऱ्याला तीनच वाटा मोकळ्या. या विधानाला आधार काय, असं तो विचारू शकतो. तुमच्या युक्तिवादातून भलताच निष्कर्ष निघतो, हे तो दाखवू शकतो. किंवा उलट बाजूचा पुरावा तो मांडू शकतो. माणसाच्या जातीवर, बापावर, हेतूवर बोलायची चौथी वाट तिथे नाहीच. याशिवाय वागण्याचे नियम आहेत. अती त्रोटक बोलू नये, फार पाल्हाळ लावू नये. अनोळखी शब्द वापरू नयेत. समोरच्याचं म्हणणं कळण्याआधी मध्ये पडू नये, कळलं नसेल तर पुन्हा सांगायची विनंती करावी. हसू नये, आवाज चढवू नये. ज्याचा आपल्यावर दरारा आहे त्याच्याशी वाद करू नये, कारण बुद्धी मोकळी राहत नाही. आणि समोरच्याला क्षुद्र समजू नये. इमाम शाफई यांच्याबद्दल असं सांगितलं जातं की, कुणाशीही चर्चा करताना सत्य आपल्याच तोंडून निघावं असा त्यांचा हट्ट नसे. ते समोरच्याच्या तोंडून निघालं तरी त्यांना चाले.

हे सगळं कागदावर असताना प्रत्यक्षात काय झालं? त्यासाठी फतेहपूर सीक्रीला जाऊ. 1575 मध्ये अकबर बादशहाने तिथे इबादतखाना बांधवला. नाव प्रार्थनागृहाचं, पण काम चर्चेचं. गुरुवारी रात्री, म्हणजे जुम्म्याच्या आदल्या रात्री, तिथे बैठक भरे आणि कधी कधी पहाटेपर्यंत चाले. सुरुवातीला फक्त मुसलमान विद्वानच असत. पहिलं भांडण धर्मावरून झालं नाही. ते झालं बसायच्या जागेवरून. कोण पुढे, कोण मागे, कोण कुणाच्या उजवीकडे! शेवटी बादशहाने दिशाच वाटून दिल्या. अमीर-उमरावांनी पूर्वेला बसावं, सय्यदांनी पश्चिमेला, उलेमांनी दक्षिणेला आणि सूफी शेखांनी उत्तरेला.

जागा मिळाल्या तरी शांतता मिळाली नाही. मुल्ला अब्दुल कादिर बदायुनी हा त्या बैठकांतला तरुण विद्वान. त्याने गुपचूप इतिहास लिहून ठेवला आणि तो अकबराच्या मृत्यूनंतर लोकांपुढे आला. तो सांगतो, एका रात्री विद्वानांच्या मानेच्या शिरा फुगल्या आणि एकच गलका झाला. बादशहा संतापला. बदायुनीला म्हणाला, यापुढे जो मूर्खासारखं बोलेल त्याचं नाव मला सांग, मी त्याला बाहेर काढतो. बदायुनी शेजारच्या आसफखानाच्या कानात पुटपुटला, तसं केलं तर बहुतेक सगळ्यांनाच उठावं लागेल. बादशहाने विचारलं, काय म्हणाला तो? ऐकल्यावर त्याला इतकी गंमत वाटली की त्याने तो विनोद जवळ बसलेल्यांना सांगितला.

आपणही हसतो. पण त्या हसण्यामागे मोठी हानी आहे. मखदूम-उल-मुल्क आणि शेख अब्दुन्नबी हे त्या काळचे दोन सर्वांत मोठे धर्मपंडित. पुढे पुढे ते एकमेकांविरुद्ध इतके पेटले की मुद्दा बाजूला राहिला आणि परस्परांची लायकी काढणं तेवढं उरलं. आदाबुल-बहसचे नियम त्यांना पाठ नसतील असं कोण म्हणेल? पण पाठ असणं वेगळं. आणि बादशहाही पूर्ण निर्दोष नव्हता. गर्विष्ठ मौलवींचा नक्षा उतरवायला त्याने बदायुनीसारखे तरुण पुढे आणले होते. त्याला सत्याची आस होती हे खरं, पण झुंज पाहण्याचीही हौस होती. त्याने सभा वादाची भरवली आणि दाद जल्पाला दिली.

1578 च्या सुमारास इबादतखान्याची दारं सर्व धर्मांना खुली झाली. ब्राह्मण पंडित आले, जैन मुनी आले, पारशी दस्तूर आले. गोव्याहून निघालेले तीन जेझुइट पाद्री 1580 च्या फेब्रुवारीत सीक्रीला पोचले. रुडॉल्फ अ‍ॅक्वाविवा हे त्यांचे प्रमुख आणि मोन्सेरात हे त्यांचे बखरकार. या काळातला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एकाने कुराण घ्यावं, एकाने बायबल, दोघांनी अग्नीत शिरावं, जो वाचेल त्याचा धर्म खरा, असं आव्हान निघालं. ते दिलं कुणी आणि मागे कोण सरलं? अबुल फजल लिहितो, पाद्री तयार होते, मुल्ला कचरले. बदायुनी लिहितो, एक मुसलमान फकीर तयार होता, पाद्री कचरले. मोन्सेरात लिहितो, असली परीक्षा घेणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं, म्हणून पाद्र्यांनी नकार दिला. सभा एकच आणि वृत्तान्त तीन. सभेतून उठल्यावर समोरच्याबद्दल आपण बाहेर काय सांगतो, हाही शिष्टाचाराचाच भाग आहे, हे यावरून लक्षात येतं.

या सगळ्याचा शेवट काय झाला? 1579 मध्ये एक महजर, म्हणजे जाहीरनामा, निघाला. धर्मपंडितांत मतभेद झाला तर बादशहा त्यांतलं एक मत निवडेल आणि ते सर्वांवर बंधनकारक राहील. त्यावर त्याच पंडितांच्या सह्या घेतल्या गेल्या. थोड्याच दिवसांत मखदूम-उल-मुल्क आणि अब्दुन्नबी या दोघांचीही रवानगी मक्केला झाली. अकबराचा 'सुलह-ए-कुल' म्हणजे सर्वांशी सलोखा हा विचार मोठाच होता आणि त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण त्या महजरात मला एक इशारा दिसतो. चर्चा करणारे अदब सोडतात तेव्हा निवाडा त्यांच्या हातून निसटतो आणि ज्याच्या हाती तलवार आहे त्याच्याकडे जातो. इबादतखान्याची इमारत नेमकी कोणती, यावरही अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

राजा आणि चर्चा यांवरून मिलिंदराजा आठवतो. ग्रीक वंशाचा हा राजा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करत होता. त्याला भिक्खू नागसेनाशी चर्चा करायची होती. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातला नागसेन त्याला विचारतो, पंडितांच्या रीतीने बोलणार की राजांच्या? पंडितांच्या चर्चेत चूक दाखवली जाते, ती मान्यही केली जाते आणि कुणी रागावत नाही. राजे एक बाजू घेतात आणि विरोध करणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद म्हणाला, पंडितांच्या रीतीने बोलू. एखाद्या भिक्खूशी, श्रामणेराशी, अगदी मठाच्या नोकराशी बोलावं तसं माझ्याशी मोकळं बोला. अकबराच्या सभेत हेच वाक्य कुणी आधी उच्चारलं असतं तर, असं माझ्या मनात येऊन जातं.

आपल्या मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरही अशी एक सभा भरत असे. 1857 च्या पहिल्या महिन्यांत विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात तिथे जाहीर वाद झाले. ऐकायला मोठी गर्दी लोटे. त्यांचा वृत्तान्त जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापला, आणि बावांचा 'समुद्रकिनारीचा वादविवाद' मराठीतही प्रसिद्ध झाला. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम राहिल्या. पण उघड्या आकाशाखाली दोन धर्मांची माणसं आळीपाळीने बोलतात आणि सामान्य माणसं उभं राहून ऐकतात, ही सवय त्या काळात रुजत होती. पुढे 1875 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिच्यामागेही हीच ऐकण्याची भूक होती.

या परंपरेची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती संविधान सभेत. 9 डिसेंबर 1946 ला ती पहिल्यांदा भरली. देश पेटलेला होता, फाळणी झाली, लाखो माणसं उखडली गेली, आणि त्या धुरात ही सभा बोलत राहिली. मसुद्यावर 7,635 सूचना आल्या, त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. नझीरुद्दीन अहमद या सभासदाने तर मसुदा समितीची भटकी समिती अशी इंग्रजीत कोटी करून थट्टा केली. 'इन्किलाब जिंदाबाद' ही घोषणा देशाला देणारे मौलाना हसरत मोहानी, उर्दू गझलेतलं मोठं नाव, जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर विरोधात उभे राहत. त्यांच्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या, पण त्या मांडल्या गेल्या आणि त्यांवर मत घेतलं गेलं.

25 नोव्हेंबर 1949 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर समारोपाला उभे राहिले. त्या भाषणातला राजकीय आणि सामाजिक लोकशाहीचा भाग आपल्याला ठाऊक असतो. त्याआधीचा एक परिच्छेद मात्र फारसा वाचला जात नाही. तिथे बाबासाहेबांनी आपल्याला सतत अडवणाऱ्यांचे आभार मानले आहेत, तेही नावं घेऊन. कामत, पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकूरदास भार्गव, के. टी. शाह, हृदयनाथ कुंझरू. त्यांचा आशय असा होता की, यांच्या सूचना मला स्वीकारता आल्या नाहीत म्हणून त्यांची किंमत कमी होत नाही. हे बंडखोर नसते तर संविधानामागची तत्त्वं उलगडून सांगायची संधी मला मिळाली नसती, आणि ते काम मसुदा मंजूर करून घेण्याहून महत्त्वाचं होतं. नझीरुद्दीन अहमद यांच्या टोमण्यालाही त्यांनी उत्तर दिलं, पण तेही खेळकरपणे. अधिक चांगल्याच्या शोधात फिरणं म्हणजे भरकटणं नव्हे, असं त्याचं सार. ज्या माणसाला आयुष्यभर सभांतून, पाणवठ्यांवरून, देवळांतून बाहेर ठेवलं गेलं, त्याने देशाच्या सर्वांत मोठ्या सभेत विरोधकाशी कसं वागावं याचा धडा घालून दिला. न्यायसूत्रांतला 'वाद' मला त्या परिच्छेदात भेटतो.

पंडितांचं आणि पुढाऱ्यांचं झालं. साध्या माणसांचं काय? त्यासाठी भिवंडीला यावं लागेल. यंत्रमागांचं हे गाव 1970 मध्ये आणि पुन्हा 1984 मध्ये दंगलींत होरपळलं. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. नेहमीच्या शांतता समित्यांत पुढारी आणि प्रतिष्ठित असत. इथे वस्तीतली साधी माणसं घेतली, दोन्ही समाजांची, आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस. बोलायचे विषय मोठे नव्हते. शेजाऱ्यांची कुरबूर, घरगुती भांडण, गल्लीतला त्रास. धर्म चांगला की वाईट यावर तिथे कुणी बोलायला बसलं नव्हतं. पण महिनोन्‌महिने एकत्र बसून या बारक्या गोष्टी बोलल्यामुळे कोण कुठे राहतो, कुणाचा शब्द खरा, हे एकमेकांना ठाऊक झालं. 6 डिसेंबर 1992 नंतर मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. अफवा आली की विचारायला ओळखीचं माणूस होतं. खोपडे यांनी नंतर यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?'

म्हणून चर्चेच्या शिष्टाचाराला मी वरवरची सभ्यता मानत नाही. सीक्रीत तो सुटला तेव्हा निवाडा बादशहाकडे गेला. भिवंडीत तो गल्लीगल्लीत पाळला गेला तेव्हा घरं वाचली. नियम तेच आहेत, जुनेच आहेत. आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने नीट सांगता यावं. शब्दाला धरून अडवू नये, अर्थाला उत्तर द्यावं. माणसावर जाऊ नये. ज्याचा दोष नाही त्याला जाब विचारू नये. आवाज खाली ठेवावा. पटलं नाही तरी आभार मानावेत. आणि बाहेर गेल्यावर आत जे झालं तेच सांगावं.

अदब या शब्दाला अरबी-उर्दूत दोन अर्थ आहेत, शिष्टाचार आणि साहित्य. एकाच शब्दात दोन्ही मावतात याचं मला कवी म्हणून फार अप्रूप आहे. पुढच्या वेळी कुणी तुमच्याशी हुज्जत घालायला लागलं तर लगेच उठू नका. त्याच्याकडे पुरावा असेल, तो ऐका. नंतर तुमचा द्या. आणि तो म्हणाला, पुन्हा सांगा, तर त्याला तक्रार समजू नका. मुशायऱ्यात आम्ही त्याला दाद समजतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)